विट्याच्या मुलीला अंटार्क्टिकावर काय काम?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला अंटार्क्टिकावरच्या भारतीय स्टेशनवर काम करायचंय. यजमान गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात कोइमतूरला, तुम्ही विट्यात शिवणकाम करता. घरातले म्हणतात, तिथे शास्त्रज्ञ लागतात आणि तेही पुरुष. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: शास्त्रज्ञ नसलेल्या मुलीला तिथे काम असतं का, त्या थंडीत बाईच्या शरीराला काही अपाय होतो का, आणि इतक्या पुरुषांत ती सुरक्षित राहील का.

मी भूवैज्ञानिक. अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री स्टेशनच्या आसपासच्या तळ्यांचा गाळ काढून त्यावरून जुन्या हवामानाचा अभ्यास करायचा, हे माझं काम. त्यासाठी तिथले तीन उन्हाळे, म्हणजे आपल्याकडचे हिवाळे, तिथे काढले. नंतरची काही वर्षं मोहिमेवर जाणाऱ्या तरुणांच्या तयारीत माझा हात होता. आता साताऱ्यात असते. तुमच्या मुलीसारख्या मुली मला भेटल्यात, त्यातल्या काही जाऊन आल्या, काही घरच्यांच्या 'बघू पुढे'मध्ये अडकल्या. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'पुरुषच लागतात' हे बाजूला ठेवू. तुम्ही औंधला यमाईच्या दर्शनाला गेला असाल, तिथलं संग्रहालय पाहिलं असेल. त्या औंधच्या पंतप्रतिनिधींची नात, डॉ. अदिती पंत, अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक. त्या समुद्रविज्ञानाच्या. दुसऱ्या, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. दोघी १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत गेल्या. भारताची पहिलीच मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली होती आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली होती. म्हणजे सुरुवात झाल्यावर दोनच वर्षांत आपल्या बायका तिथे पोचल्या. त्या तिसऱ्या मोहिमेचे नेते होते डॉ. हर्ष गुप्ता. कोयनेचे भूकंप आणि धरणाचं पाणी यांचा संबंध ज्यांनी आयुष्यभर अभ्यासला, तेच हे. औंध आणि कोयना, दोन्ही सातारा जिल्ह्यातली नावं, आणि ती एका बोटीवर अंटार्क्टिकाला गेली. मला हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. तो दिवस मला अजून आठवतो.

बाकीच्या देशांची गोष्ट याहून रखडलेली आहे. १९१४ साली तीन इंग्रज मुलींनी अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकलटनला पत्र लिहिलं होतं, आम्हाला मोहिमेत घ्या, बायकांचे कपडे अडचणीचे वाटत असतील तर आम्ही आनंदाने पुरुषांचे घालू. जागा नाही, असं उत्तर आलं. अमेरिकेच्या मोहिमांची ने-आण त्यांचं नौदल करायचं आणि ते बायकांना नेतच नव्हतं. ते दार १९६९ साली उघडलं. त्या वर्षी लोइस जोन्स या भूरसायनतज्ज्ञ बाई चौघींचं पथक घेऊन गेल्या आणि त्याच नोव्हेंबरात सहा बायका दक्षिण ध्रुवावर उतरल्या. विमानाच्या उतारावरून सहाही जणी हातात हात घालून एकदम खाली आल्या, म्हणजे 'पहिली कोण' हा प्रश्नच उरला नाही. ब्रिटिशांनी तर आपल्या स्त्री शास्त्रज्ञांना तिथे काम करायला १९८३ च्या सुमारास परवानगी दिली. म्हणजे अदितीताई आणि सुदीप्ताताई गेल्या त्याच वेळी.

आता तुमचा पहिला प्रश्न.

शास्त्रज्ञ हा स्टेशनचा एक भाग असतो, तोही उन्हाळ्यापुरता मोठा. हिवाळ्यात मैत्री किंवा भारती या आपल्या स्टेशनांवर राहणाऱ्या वीस-पंचवीस माणसांत निम्म्याहून अधिक माणसं स्टेशन चालू ठेवण्यासाठी असतात. जनरेटर चालवणारे, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, गाड्यांचे मेकॅनिक, क्रेन आणि पिस्टनबुली चालवणारे, बॉयलर सांभाळणारे, रेडिओ आणि दळणवळण बघणारे, स्वयंपाकी, डॉक्टर. पिस्टनबुली म्हणजे बर्फावर पट्ट्यांवर चालणारी गाडी. तिच्यामागे घसरगाड्या बांधून शंभरेक किलोमीटरवरच्या बर्फाच्या कडेला लागलेल्या जहाजावरून डिझेल, धान्य, यंत्रं आणायची.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. एका रात्री, म्हणजे घड्याळाने रात्री, कारण तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, वीज गेली. विट्यात वीज गेली तर आपण मेणबत्ती शोधतो. तिथे वीज गेली की गरम हवा थांबते, तळ्यातून पाणी आणणाऱ्या नळाला गरम ठेवणारी तार थंड पडते, नळ गोठतो, फुटतो. मी प्रयोगशाळेत गाळाचे नमुने मांडून बसले होते. काही मिनिटांत इलेक्ट्रिशियन आणि जनरेटरवाला दोघे पळत गेले आणि दुसरा जनरेटर लावला. त्या नमुन्यांवर पुढे शोधनिबंध झाला, त्यावर माझं नाव आहे. त्या दोघांचं नाव आभारात आलं, एका ओळीत. तेव्हापासून मी 'सपोर्ट स्टाफ' हा शब्द तोंडाने वापरत नाही. तुमची मुलगी जे शिकते आहे, त्यावर तिथल्या सगळ्यांचा जीव अवलंबून असतो. हे तिला आणि घरातल्यांनाही ऐकवा.

डॉ. कंवल विल्कू यांनी २००० सालचा हिवाळा मैत्रीवर काढला. तिथे हिवाळा काढणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री, आणि त्या गेल्या डॉक्टर म्हणून. मंगला मणी इस्रोच्या. वयाच्या छपन्नाव्या वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये भारती स्टेशनवर गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या. तेवीस जणांत त्या एकट्या स्त्री होत्या आणि त्याआधी त्यांनी हिमवर्षाव कधी पाहिलासुद्धा नव्हता. त्यांचं काम बर्फाचा अभ्यास करण्याचं नव्हतं. आपले दूरसंवेदन उपग्रह ध्रुवांवरून फिरतात, साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी. आपल्या देशावरून त्यांतल्या मोजक्याच फेऱ्या जातात, पण ध्रुवाजवळच्या अँटेनाला बहुतेक फेऱ्या दिसतात. म्हणून भारतीवर इस्रोचं केंद्र आहे. तिथे उपग्रहाची माहिती उतरवून घ्यायची आणि देशात पाठवायची. आपल्या पिकांची, धरणांची चित्रं काढणारे उपग्रह हेच.

जर्मनांनी १९९० साली त्यांच्या नॉयमायर स्टेशनवर नऊ बायकांचं पथक हिवाळ्यासाठी ठेवलं होतं. मोनिका पुस्केपेलाइट या डॉक्टर बाई प्रमुख. बरोबर दोन हवामानतज्ज्ञ, दोन भूभौतिकतज्ज्ञ, दोन इंजिनीयर, एक रेडिओवाली, एक स्वयंपाकी. यंत्रं, वीज, बर्फातलं खणकाम, सगळं त्यांनीच केलं. एखादा मामा 'जनरेटर बाईच्या हातात?' म्हणाला तर त्याला ही हकिगत सांगा.

मुलीने रस्ता कसा धरायचा? आपल्या ध्रुवीय मोहिमा गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र चालवतं. वास्कोला समुद्राकाठी टेकडीवर आहे, भूविज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत. तांत्रिक कामांसाठी ते कंत्राटी जाहिराती काढतात, त्यांच्या संकेतस्थळावर येतात. त्यात नुसता डिप्लोमा चालत नाही, हातचा अनुभव मागतात. म्हणून तिने परीक्षा झाली की लगेच अंटार्क्टिकाचे स्वप्न उराशी धरून घरी बसू नये. तीन-चार वर्षं हात काळे करावेत.

त्यासाठी सांगली-सातारा जिल्ह्यांसारखी जागा नाही, असं माझं मत आहे. साखर कारखान्यांत को-जनचे, म्हणजे कारखान्यातच वीज तयार करण्याचे, प्रकल्प आहेत, तिथे टर्बाइन, पॅनेल, बॉयलर सगळं एका छताखाली. हंगामात रात्रपाळी करून चालू यंत्र दुरुस्त करायला शिकणारा माणूस स्टेशनवर हवाच असतो. पवनचक्क्या आहेत, पाटणकडे वनकुसवड्याच्या पठारावर, इकडे ढालगावच्या बाजूला. वाऱ्यात, उंचावर, दोर बांधून काम करण्याची सवय तिथे लागते. मैत्रीवर हिवाळ्यात वादळं येतात तेव्हा स्टेशनच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जायलाही दोर धरावा लागतो. मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत डिझेल जनरेटरची देखभाल करणारे ठेकेदार आहेत. मुलीला घ्यायला ते बिचकतील. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं तर तिसऱ्याकडे जायचं. तिने जनरेटर नक्की शिकावा, वायरिंगवर थांबू नये. स्टेशनवर एका माणसाला दोन-तीन कामं यावी लागतात. जिला वेल्डिंगसुद्धा येतं ती निवडीत पुढे जाते.

तिला पुढे शिकायचं असेल आणि विज्ञानाकडे वळावंसं वाटलं, तर त्याही वाटा जवळ आहेत. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. कराडला भूविज्ञान मंत्रालयाचीच खोल विंधन विवरांची प्रयोगशाळा आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे, आणि ही संस्था अंटार्क्टिकावरही मोजमापं घेते. या सगळ्या ठिकाणी उपकरणं सांभाळणारी माणसं लागतात. मुलीला घेऊन एकदा कराडला जाऊन या, एका दिवसाचं काम आहे.

आता थंडी. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी थंडीवर आहेत. माझ्या हिशेबी सगळ्यात कमी काळजी करायची तीच गोष्ट.

मैत्रीवर उन्हाळ्यात पारा शून्याच्या आसपास किंवा थोडा खाली असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तशा सकाळी तिथे रोज. हिवाळ्यात उणे तीसच्या खाली जातं आणि त्यावर वारा. पण माणूस उघड्यावर राहत नाही. आत वीस-बावीस अंश असतात. बाहेर जायचं ते तीन थर घालून, दोघं मिळून, सांगून, ठरलेल्या वेळेपुरतं. आपल्या भागातल्या बायका कोयता घेऊन डिसेंबरात पहाटे चारला ओल्या फडात उतरतात, पायात चपला, डोक्याला टॉवेल. त्यांना थंडी सोसेल का, हे कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. बाईच्या शरीराला थंडी पेलत नाही हा समज शरीराकडे बघून झालेला नाही.

त्रास होतो तो मापाचा. तुम्ही शिवणकाम करता, माप चुकलं की कापड कितीही भारी असलं तरी काय होतं हे तुम्हाला माहीत आहे.

माझ्या पहिल्या खेपेला मला जे बूट मिळाले ते पुरुषी मापातले सगळ्यात लहान होते. माझा पाय चार नंबरचा, बूट सातचे. भांडारातल्या माणसाने सांगितलं, दोन मोजे घाला. दोन मोजे घातले की बुटातली हवा दबते, आणि गरम ठेवते ती हवाच. तिसऱ्या दिवशी तळ्यावर उभं राहून गाळ काढताना डाव्या पायाच्या दोन बोटांची जाणीव गेली. डॉक्टरांनी कोमट पाण्यात पाय ठेवून ती परत आणली. अजूनही साताऱ्यात गार सकाळी ती दोन बोटं मला सांगतात. हातमोज्यांचंही तसंच. बोटं आत पोचत नाहीत, म्हणून स्क्रू धरायला मोजा काढावा लागतो, आणि उघड्या हाताने धातू धरला की कातडी चिकटते.

याहून वाईट होता तो एकसंध सूट, गळ्यापासून घोट्यापर्यंत एक चेन. पुरुष उभ्याने मोकळा होतो. बाईला त्या वाऱ्यात सगळा सूट खांद्यावरून उतरवावा लागतो. आडोसा नाही, झाड नाही. मैत्रीभोवतालच्या शिरमाकरच्या टेकड्या म्हणजे माणमधल्या उघड्या बोडक्या टेकड्या समजा, फक्त मागे बर्फाची भिंत. मी काय केलं? पाणी पिणं बंद केलं. सकाळचा चहासुद्धा सोडला. तिथली हवा वाळवंटासारखी कोरडी आहे, श्वासागणिक अंगातलं पाणी जातं. पाणी कमी पडलं की थंडीही जास्त बाधते. आठ दिवसांत लघवीचा संसर्ग झाला, ताप आला, आणि कामाचे पाच दिवस गेले. तेव्हा मी एकटीच बाई होते आणि कोणाला सांगायची लाज वाटली. ती लाज चुकीची होती, हे मी आता प्रत्येक मुलीला पहिल्या भेटीत सांगते. पुढच्या खेपेला मी दोन तुकड्यांचा सूट मागितला, भांडले, मिळाला. बूट स्वतःच्या पैशाने आणले. उभ्याने वापरायचं नरसाळं आणि घट्ट झाकणाची बाटली पाठपिशवीत ठेवली. उघड्यावर काही सोडायचंही नसतं. १९९१ चा माद्रिद करार आहे, तिथे केलेला बहुतेक कचरा परत आणावा लागतो. म्हणून बाटली सगळ्यांनाच लागते, पुरुषांनाही.

पाळीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण मनात असणार. पाळी तिथेही येते, इतकंच. काही जणी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मोहिमेच्या काळात गोळ्या घेऊन ती पुढे ढकलतात, काही जणी कप वापरतात म्हणजे कचरा होत नाही, काही जणी पॅड वापरून पिशवीत बंद करून परत आणतात. तिला जे सवयीचं आहे ते घरी सहा महिने आधी वापरून बघायचं. थंडीत पाळी मागेपुढे होऊ शकते, घाबरायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं.

एका गोष्टीची मात्र आजपासून काळजी घ्या. तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी असतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. लोह कमी असलं की माणूस लवकर दमतो, आणि शरीराला ऊब धरून ठेवायला जमत नाही. दिल्लीला एम्समध्ये वैद्यकीय तपासणी होते, तिथे हे निघालं तर वर्ष हातचं जाईल. दातही आताच बघून घ्या. किडलेली दाढ विट्यात एका दुपारचं काम आहे. तिथे जूनमध्ये ती ठणकायला लागली तर दंतवैद्य नाही.

डॉक्टर एकच असतो आणि हिवाळ्यात मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत येणंजाणं जवळजवळ बंद. मैत्रीपासून पाचेक किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्स्काया स्टेशन आहे. तिथे एप्रिल १९६१ मध्ये लिओनिद रोगोझोव या तरुण डॉक्टरचं अपेंडिक्स सुजलं. दुसरा डॉक्टर नव्हता. त्याने आरसा धरायला लावून स्वतःच स्वतःचं ऑपरेशन केलं आणि वाचला. १९९९ साली दक्षिण ध्रुवावर अमेरिकेच्या डॉक्टर जेरी नील्सन यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. त्यांनी तिचा नमुना स्वतःच काढला, औषधं विमानातून खाली टाकली गेली, आणि ऑक्टोबरात विमान उतरू शकलं तेव्हा त्यांना बाहेर काढलं. भीती घालायला हे सांगत नाही. वैद्यकीय तपासणी इतकी कडक का असते, आणि आजार लपवून कोणी जाऊ नये हे का, ते यातून कळतं.

तपासणीनंतर उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे प्रशिक्षण होतं. बर्फावर चालणं, दोराने उतरणं, भेगेत पडलेल्याला ओढून काढणं, तंबूत राहणं. तिला आत्तापासून अजिंक्यतारा, सज्जनगड चढायची सवय लावा, पाठीवर दहा किलो घेऊन. पळण्याची तितकी गरज नाही. ओझं घेऊन न थांबता चालता यायला हवं.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे मी तुम्हाला 'काही काळजी करू नका' असं म्हणणार नाही.

बहुतेक माणसं चांगली असतात. मला तिथे भावासारखी माणसं भेटली, अजून दिवाळीला त्यांचे फोन येतात. सगळ्यांना पाळीने स्वयंपाकघरात काम करावं लागतं, पथकाचा नेताही भांडी घासतो, आणि एका ओट्यावर कणीक मळताना माणसं बरीच सरळ होतात. तरीही २०२२ साली अमेरिकेच्या अंटार्क्टिक कार्यक्रमाबद्दल जो अहवाल आला, त्यात पाहणीला उत्तर देणाऱ्या स्त्रियांपैकी ५९ टक्के जणींनी तिथे छळ किंवा अत्याचार अनुभवल्याचं सांगितलं. त्या देशात तिथे जाणाऱ्या बायका कितीतरी जास्त, तरी हे. बंद जागा, लांब अंतर, दारू, आणि ज्याच्याबद्दल तक्रार करायची त्याच्याच शेजारी उद्या जेवायला बसायचं. हे कुठल्याही देशाच्या स्टेशनवर होऊ शकतं.

म्हणून तिला कायदा शिकवून पाठवा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिला लागू आहे, कंत्राटी असली तरी. शिवाय २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने भारतीय मोहिमेतल्या माणसांनी तिथे केलेले गुन्हे आपल्या न्यायालयांच्या कक्षेत आणले. पण २०१३ च्या कायद्यात एक मुदत आहे, ती लक्षात ठेवायची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. हिवाळ्याची खेप वर्षाहून मोठी असते. एप्रिलमध्ये काही घडलं आणि मुलगी 'घरी गेल्यावर बघू' म्हणून डिसेंबरपर्यंत गप्प बसली, तर मुदत संपलेली असते. म्हणून तिथूनच ईमेलने तक्रार करायची, त्याच आठवड्यात, तारखा घालून. आता स्टेशनांवर इंटरनेट आहे. आमच्या वेळी उपग्रह फोनवर मोजकी मिनिटं मिळायची आणि बोलणं चारचौघांत व्हायचं. निघण्यापूर्वी तिने तक्रार समितीच्या प्रमुखांचं नाव आणि ईमेल वहीत लिहून न्यावं. हे विचारल्याने निवडीत नाव मागे पडेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मी तयारीच्या बैठकींत बसले आहे. जी मुलगी हे विचारायची ती पुढेही सगळं विचारून, तपासून करायची, आणि तिथे तशीच माणसं टिकतात.

पहिली खेप तिने उन्हाळ्याचीच घ्यावी, चार महिन्यांची. एकदम हिवाळा नको. केपटाउनहून रशियन मालवाहू विमानाने सहा तासांत पोचतात. आम्ही पहिल्यांदा जहाजाने गेलो तेव्हा दक्षिण महासागराने आठवडाभर उठू दिलं नव्हतं. उन्हाळ्यात माणसं जास्त, काम जास्त, सूर्य कायम, आणि परतीची तारीख ठरलेली. हिवाळ्यात मैत्रीवर जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही. झोप उडते, चिडचिड होते. गंमत म्हणजे जूनचा ऐन काळोख माणसं सहन करतात, २१ जूनला सगळी स्टेशनं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात, मोठं जेवण करतात. मन खचतं ते त्यानंतर, अर्धं संपलं आणि अर्धं उरलं तेव्हा. एक उन्हाळा काढून आल्यावर आपल्याला ते जमेल का हे मुलीला स्वतःलाच कळेल. नाही म्हणाली तरी तिचं काही कमी होत नाही. मी कधीच हिवाळा काढला नाही. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मला चार महिन्यांहून जास्त तिच्यापासून लांब राहायचं नव्हतं. ते चार महिने तिला सासूबाईंनी सांभाळलं. त्या वाईच्या, चौथी शिकलेल्या. शेजारणींनी विचारलं की सांगायच्या, सून सरकारी कामाला गेलीय.

तुम्ही शेवटी लिहिलंय, 'लोक काय म्हणतील हे मला कळतं, पण तिला काय सांगू ते कळत नाही.' ताई, खानापूर-आटपाडीची मुलं पंधराव्या-सोळाव्या वर्षी गलाईला परमुलखात जात आली. भाषा येत नाही, भट्टीसमोर दिवसभर, रासायनिक धूर. त्यांना कोणी अडवलं नाही, उलट गावाने हातावर दही ठेवलं. तुमच्या घरातल्या पुरुषांनाही लांब जाणं म्हणजे काय हे नीट माहीत आहे. यजमानांशी तुम्हीच बोला, आणि थंडीपासून सुरुवात करू नका. ते कोइमतूरला पहिल्यांदा गेले त्या दिवसापासून करा.

आणि पाण्याचं एक. तिथे तळ्यातून येणारं पाणी जपून वापरावं लागतं. मुंबई-दिल्लीची मुलं पहिले पंधरा दिवस यावरून बोलणी खातात. टँकरची वाट बघत वाढलेल्या मुलीला ते शिकवावं लागत नाही, हे मी पाहिलंय.

पासपोर्टचा अर्ज या महिन्यात करून टाका. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला की मुलीला घेऊन एखाद्या रविवारी साताऱ्याला या. तिने येताना तिच्या हाताने बांधलेल्या एखाद्या पॅनेलचा फोटो आणावा, मला तो बघायचाय. माझे ते दुसऱ्या खेपेचे बूट माळ्यावर आहेत, चार नंबरचे, अजून चांगले आहेत. तिचा नंबर काय ते कळवा.